सोमानं तेल पाहिलं होतं

ही गोष्ट माझ्या बायकोलाही ठाऊक नव्हती. ती गेली. मुलांनाही ठाऊक नाही. सांगायला बसलो की मी दुसरंच काहीतरी सांगतो — अस्वलाचं, पुरात अडकलेल्या ट्रकचं. लोक हसतात, मीही हसतो. आज ते नको. थकलो आहे मी, आणि लपवायलाही अंगात जोर लागतो.

पन्नासच्या दशकातलं हे. गडचिरोली तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता, सगळा चांदाच, म्हणजे आताचं चंद्रपूर. अहेरीजवळ एका लाकूड-ठेकेदाराकडे मी मिस्त्री होतो. सागवानाचे ओंडके बल्लारशाच्या रेल्वेपर्यंत नेणारा एक जुना पेट्रोलचा ट्रक होता, आणि तो सोमा चालवायचा. सोमा जवळच्याच गोंडांच्या टोल्यातला, छोट्या वस्तीतला. आधी ओंडके लादणारा, मग क्लीनर, मग ड्रायव्हर. त्याच्या टोल्यातला स्टीअरिंगवर बसलेला पहिला माणूस. ट्रक जायच्या वेळी म्हाताऱ्या बाया फाट्यावर येऊन उभ्या राहायच्या. सोमा भोंगा वाजवायचा आणि सरळ समोर बघायचा, लाजून.

रोज सकाळी तो इंजिनातलं तेल मोजायची काडी ओढायचा, धोतराच्या सोग्याला पुसायचा, पुन्हा बुडवून बघायचा. हे मीच शिकवलं होतं. आणखी एक शिकवलं होतं — कार्बोरेटर काढला की खालच्या उघड्या तोंडात आधी कापडाचा बोळा कोंबायचा. त्या तोंडातून काही पडलं तर ते थेट इंजिनात जातं.

त्या दिवशी मी बोळा कोंबला नाही. का? कोंबडबाजार भरला होता. झुंजी सुरू झाल्या होत्या, ओरडा आमच्या लाकडाच्या डेपोपर्यंत ऐकू येत होता. कार्बोरेटर साफ करून मी घाईनं परत बसवायला घेतला आणि बोटांतून एक नट निसटला. मातीत पडला असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण मातीत पडलेल्या नटाचा आवाज होतो का? मी लोखंडावर लोखंड ऐकलं होतं. तरी डब्यातला दुसरा नट लावला, हात पुसले आणि झुंज बघायला गेलो.

दुसऱ्या दिवशी आलापल्लीच्या पुढं ट्रक बंद पडला. बैलजोड्या लावून ओढत आणला. सोमा सोबत चालत आला होता.

"आतमंधी कोनी घन मारून राह्यलं असं वाटलं, मिस्त्री," तो म्हणाला. "लगेच बंद केली मी."

मी इंजिनचं हेड उघडलं. एक व्हॉल्व्ह तुटला होता. पिस्टनच्या माथ्यावर खड्डेच खड्डे, आणि मधोमध रुतलेला — माझा नट. चेपलेला, पण नटच. सोमा पाणी आणायला गेला होता, मालक पलीकडे मुकादमाशी बोलत होता. मी पक्कडीनं नट उपटला आणि खिशात टाकला.

इथवर भीती होती म्हणू. पण मालकानं येऊन विचारलं तेव्हा? इंजिन जुनं आहे, झिजलं आहे, असं म्हणता आलं असतं. मी म्हणालो, "तेल कमी होतं. तशीच तापवली गाडी, व्हॉल्व्ह तुटला."

मुकादम हसला. "बैल हाकनाऱ्याच्या हाती मोटर देली, मंग काय होईन?"

नागपूरहून पिस्टन येईपर्यंत मी इंजिनातला एकेक तुकडा वेचला, नवा व्हॉल्व्ह पेस्ट लावून हातानं घासत बसलो. सोमा शेजारी बसून पाने-पक्कड उचलून द्यायचा. तेलाचं बोलणं त्याच्या कानावर आलं होतं, पण पुढं काय ते मालकानं त्याला अजून सांगितलं नव्हतं. एका दुपारी त्यानं हळूच विचारलं, "मिस्त्री, त्या दिवशी काडी पाह्यली होती मी. पाह्यली होती नं? मले तं डोळ्यापुढं दिसते. का ते आदल्या दिवसचं असन?"

मी घासत राहिलो. म्हणालो, "आदल्या दिवशीचंच असेल. होतं असं."

नट हातून निसटला होता. हे मात्र मी न अडखळता बोललो — आणि एका माणसाचा त्याच्या स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास काढून घेतला. त्यानं मान हलवली. पुन्हा कधी विचारलं नाही.

गाडी नीट व्हावी म्हणून त्यानं टोल्यातल्या देवाला कोंबडा दिला. माझा वाटा पानात बांधून आणला. मी तो खाल्ला. चवीनं खाल्ला — हेही सांगायला हवं ना?

इंजिन सुरू झालं. मालकानं माझी पाठ थोपटली आणि ट्रक राजुऱ्याच्या एका ड्रायव्हरच्या हाती दिला. सोमा पुन्हा ओंडके लादू लागला, त्याच ट्रकवर. त्या टोल्यातल्या दुसऱ्या कुणाला ठेकेदारानं स्टीअरिंगला हात लावू दिला नाही.

म्हातारपणी एकदा गेलो मी त्याच्याकडे. बसमध्ये वाक्य घोकत होतो — सोमा, नट माझ्या हातून पडला, तुझी चूक नव्हती, मला माफ कर. बस फाट्यावर सोडली आणि पायवाटेनं आत चालत गेलो. सोमानं खाट टाकली. सुनेला म्हणाला, "हे आमचे मिस्त्री. म्या मारलेलं इंजिन यायनं जितं केलं." ती वाकून माझ्या पाया पडली. मी पाय मागे घेतले नाहीत.

चहा झाला. पाऊसपाण्याचं बोलून झालं. तो अंगणाच्या कडेपर्यंत सोडायला आला.

"एवढ्या दूर आले, मिस्त्री. काई काम होतं का?"

"काम काही नाही," मी म्हणालो. "इकडूनच जात होतो."

त्याच्या टोल्यापुढं वाटच नव्हती, नुसतं जंगल. सोमानं एकदा तिकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाला, "बरं."

पुढच्या उन्हाळ्यात तो गेला. मी बसमध्ये घोकलेलं ते वाक्य त्याला कधी ऐकू गेलं नाही.