प्याला त्याच्या हातात होता

"मला शुगर आहे. बाहेरचं काही घेत नाही."

असं म्हणून त्यानं आईनं पुढं केलेल्या चहाच्या कपाकडं पाठ फिरवली. लगेच पाळकसाहेबांच्या बायकोनं कप आणला. तो घेतला. घोट मारला आणि म्हणाला, "वहिनी, साखर जरा कमी झालीय."

आई कप धरून तशीच उभी. तिला वाटलं, आपलंच काही चुकलं.

तो आमच्या ख्रिस्ती मंडळीचा नवा वॉर्डन, म्हणजे देवळाचा कारभारी. अंगावर पाळकाचा झगा नाही, पण देवळात पाळकाच्या खालोखाल हुकूम त्याचा. मुंबईत मोठा साहेब होता, निवृत्त झाला आणि श्रीवर्धनला सुपारीच्या बागेत बंगला बांधून आला. इंग्रजीत प्रार्थना करतो, बिशपसाहेबांना नावानं हाक मारतो. एवढ्यावर आमची मंडळी भाळली आणि त्याला निवडून दिलं. त्या रविवारी उपासनेनंतर देवळाच्या आवारात त्याच्याशी ओळख करून घ्यायचा कार्यक्रम होता. ओळख झाली.

मला विचारलं, "काय करता?"

"सरकारी दवाखान्यात नर्स आहे."

"वा. आणि मूळचे कोण तुम्ही?"

"ख्रिस्ती."

"ते सगळेच. त्याच्या आधी?"

मी आईच्या हातातला कप घेऊन खाली ठेवला. मग त्यानंच न विचारता सांगितलं, "आमचे पणजोबा ब्राह्मण. प्रभूसाठी सगळं सोडलं त्यांनी."

सगळं सोडलं म्हणे. नाक तेवढं बरोबर घेऊन आले.

पुढं त्यानं घरभेटी काढल्या. म्हणे, एकेका कुटुंबाला भेटणार. गावाबाहेरच्या आमच्या वाडीवर आला तेव्हा आईनं अंगण सारवलं, चटईवर धुतलेली चादर घातली. गाडी बांधाजवळ थांबली. काच अर्धी खाली झाली. आतला गार वारा माझ्या तोंडावर आला. साहेबानं डोळे मिटले आणि गाडीत बसूनच आमच्या घराला आशीर्वाद मागितला. आमेन म्हटलं. काच वर गेली. गाडी मागं घेताना आमच्या शेवग्याची फांदी मोडली.

आई म्हणाली, "घाईत असंल मानूस."

मी हसले. रडण्यापेक्षा बरं.

मग त्यानं शिस्त आणली. प्रभुभोजनाला आधी पुढच्या बाकांची माणसं, वाडीवरची सगळ्यांत शेवटी. द्राक्षारसाचा प्याला एकच, सगळ्यांचे ओठ त्यालाच लागतात, म्हणून ही तजवीज. वाडीवरची म्हणजे कोण, हे कुणी विचारलं नाही. सगळ्यांना कळलं. मी पाळकसाहेबांकडं गेले. चांगला माणूस, पण पाठीत कणा नाही. म्हणाले, "सिस्टर, जाऊ द्या. त्यांना स्वच्छतेची आवड आहे."

मी म्हटलं, "साहेब, दिवसभर लोकांच्या जखमा धुते मी. स्वच्छता मला नका सांगू."

त्यांनी मान खाली घातली. ते त्यांना छान जमतं.

पुढच्या रविवारी मी आईचा हात धरला आणि पहिल्या रांगेबरोबरच उठले. वेदीपुढच्या कठड्याशी आम्ही दोघी गुडघे टेकून बसलो. पाळकसाहेबांनी आईच्या तळहातावर भाकर ठेवली. त्यांच्या मागून तो आला. प्याला त्याच्या हातात होता. आईसमोर थांबला. वाकला आणि हळू आवाजात म्हणाला, "मागे व्हा. तुमची वेळ झालेली नाही."

मी तोंड उघडायच्या आधी आई बोलली. हळू नाही. सगळ्या देवळाला ऐकू जाईल असं.

"न्हाय उठनार. म्या दिल्याला चहा तुमी न्हाय घेतला, ती तुमची मर्जी. ह्यो प्याला तुमचा हाय का?"

बाजाची पेटी थांबली. तो लाल झाला. प्याला छातीशी धरून उभा राहिला, जणू आम्ही हिसकावणार होतो. मी उठले. म्हटलं, "तिला द्या, नाहीतर पाळकसाहेबांच्या हातात द्या. पण तिला मिळाल्याशिवाय पुढं कुणालाही मिळणार नाही."

पाळकसाहेब परत आले. त्यांनी प्याला त्याच्याकडून घेतला आणि आईच्या ओठाला लावला. मग माझ्या.

वॉर्डनसाहेबानं त्या दिवशी प्रभुभोजन घेतलंच नाही. आमच्या ओठांनंतर कसं घेणार? बायकोला घेऊन निघून गेला. पणजोबानं जानवं तोडलं असेल. पणतू अजून त्याला गाठी मारतोय.

त्यानंतर पुढच्या बाकांवरची माणसं आमच्याशी बोलेनाशी झाली. संडे स्कूलचा वर्ग माझ्याकडून काढून घेतला. म्हसळ्याचा माझा मामा बौद्ध आहे, मास्तर आहे. तो म्हणाला, "सोड ते देऊळ. देव बदलून बी तुमी पायरीवरच."

त्याचं खरं आहे. पण सोडणार नाही. आम्ही उठून जावं, हेच तर हवंय वॉर्डनला. मग रांग लावायचीही गरज नाही. आमच्या आज्यानं त्या भिंतींना दगड वाहिलाय.

वॉर्डनची निवडणूक येतेय. त्याच्यासमोर मी उभी राहणार आहे. पाळकसाहेब म्हणाले, "सिस्टर, हराल."

हरेन. पुढच्या वेळी पुन्हा उभी राहीन. आणि दर रविवारी आईला घेऊन पहिल्या रांगेत जाईन. ज्याला आमच्यानंतर प्यायचं नसेल, त्यानं तहानलेलं घरी जावं.