एस्तरमावशीचा दशमांश

चर्चमध्ये अर्पणाच्या पिशवीत जे पडतं, ते मोजून लिहून ठेवतात. पिशवीच्या आजूबाजूला जे घडतं, ते कुणी लिहीत नाही. ते आपलं साठत जातं. माझ्याकडे जरा जास्तच साठलंय, कारण आमचे हे मंडळीचे खजिनदार. खजिनदार म्हणजे पैसे त्यांच्याकडे आणि बाकी सगळं माझ्या पडवीत!

बाकी सगळं म्हणजे काय, ते सांगते. आमची मंडळी लहान. ओझरच्या रस्त्याला पत्र्याचं चर्च आणि वीसेक घरं. कुणाची थोडी शेती, कुणी दुसऱ्याच्या मळ्यात रोजानं, कुणी नारायणगावच्या मार्केटला हमालीला. मिळकतीचा दहावा हिस्सा देवाचा, त्याला आम्ही दशमांश म्हणतो. ज्याच्या हातात पैसे असतात तो पाकीट देतो. ज्याच्या हातात मेथी असते तो मेथी देतो. ती विकून पैसे जमा करायचं काम माझं.

* * *

एकदा दशमांशात कोंबडी आली. शनिवारी आणून दिली, मी पाटीखाली झाकली, दाणे टाकले. रविवारी सकाळी बघते तर तिनं अंडं घातलेलं.

मी म्हटलं, दाणे माझे, अंडं घरचं. हे म्हणाले, कोंबडी देवाची, म्हणजे अंडंही देवाचं. मी म्हटलं, मग दाण्याचे पैसे मला मंडळीकडून द्या. उपासनेला जायच्या वेळेला आम्हा नवराबायकोचं चांगलंच वाजलं.

शेवटी अंडं घेऊन पाळकसाहेबांकडे गेलो. पाळकसाहेब म्हणजे आमचे पास्टर. तरुण आहेत, मऊ बोलतात, कुणाला दुखवायचं म्हटलं की त्यांच्या जिवावर येतं. त्यांनी दोघांचंही नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुमचा नाश्ता झाला?"

आमचा झाला होता.

"माझा नाही," ते म्हणाले.

* * *

मंडळीचा कारभार पंच बघतात आणि पंचांत मोठे याकोबतात्या. आमच्यातले मोठे बागायतदार. मनानं वाईट नाहीत, पण दशमांशाचा त्यांचा एक हिशेब होता. टोमॅटोला भाव असला की ते दशमांश "सवडीनं" द्यायचे. भाव पडला की टोमॅटोच द्यायचे.

एका वर्षी भाव असा पडला की लोकांनी माल रस्त्याकडेला ओतला. तात्यांनी मात्र माझ्या पडवीत ओतला. क्रेटवर क्रेट! दहावा हिस्सा कसला, निम्मा मळा असावा. विकायचा कुणाला? गावात ज्याच्या त्याच्या दारात टोमॅटो. महिला मंडळानं चटणी केली, सॉस केला, वाळवून बघितला. पाळकसाहेबांच्या घरी सकाळी टोमॅटोचं सार, संध्याकाळी टोमॅटोची भाजी, आणि पावणं आलं तर भरलेले टोमॅटो.

पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, "प्रभू, याकोबतात्यांच्या टोमॅटोला चांगला भाव येऊ दे."

असं मोठ्यानं 'आमेन' आमच्या चर्चमध्ये नाताळलासुद्धा झालं नव्हतं.

* * *

आणि प्रार्थना ऐकली गेली! पुढच्याच हंगामात टोमॅटो असा कडाडला की तात्यांच्या दारात नवी गाडी उभी राहिली. रात्री मळ्याला राखण बसली.

आता दशमांश. तात्या उपासनेनंतर पाळकसाहेबांना बाजूला घेऊन विचारू लागले, पण त्यांचं बाजूला बोलणंसुद्धा रस्त्यापर्यंत ऐकू येतं. दहावा हिस्सा काढायचा तो खर्च वजा करून ना? रोपं, खत, औषधं, तारा-बांबू, मजुरी, डिझेल. गाडीचा हप्ताही मालाच्याच वाहतुकीचा. असं वजा करत करत ते जवळजवळ तोट्यात आले.

तेवढ्यात मागच्या सतरंजीवरून एस्तरमावशी उठल्या.

एस्तरमावशी म्हणजे तात्यांच्याच मळ्यात टोमॅटो तोडायला जाणाऱ्या. पंचवीस वर्षांमागे नवरा गेला, पोरगा चाकणला कंपनीत, त्याचं त्यालाच पुरत नाही. मावशींच्या दोन कोंबड्या, एक शेळी आणि दर रविवारी न चुकता पिशवीत पडणारं एक छोटं पुडकं.

त्या म्हणाल्या, "तात्या, मागच्या साली आमी समद्यांनी तुमच्यासाठी प्रार्थना केली, तवा खर्च वजा करून केली व्हती का वो?"

सगळं चर्च हसलं. पाळकसाहेबांना ठसका लागला. तात्यांनी त्या रविवारी पूर्ण दशमांश दिला, पण मावशींकडे न बघता दिला.

* * *

पुढच्याच बैठकीत तात्यांनी ठराव आणला. मंडळीत ज्या निराधार बाया आहेत, त्यांच्याकडून दशमांश घेऊ नये. अशी बाई आमच्यात एकच.

दया होती की राग होता, ते तात्यांनाच माहीत. दोन्ही असावं. पण ठराव ऐकायला इतका चांगला होता, की नको कोण म्हणणार? आमच्या ह्यांनीही हात वर केला. मावशींना सांगायचं काम पाळकसाहेबांवर आलं, आणि त्यांनी सोबतीला मला नेलं.

पाळकसाहेबांनी खूप गोड सांगितलं. की तुम्ही आयुष्यभर दिलंत, आता मंडळीनं तुमच्याकडे बघायचं. मावशी चुलीवरचं चहाचं पातेलं उतरवत होत्या. ते त्यांनी परत चुलीवर ठेवलं.

"माझं काय चुकलं?" त्यांनी विचारलं.

चुकलं काहीच नाही, असं आम्ही दोघांनी तीन-तीनदा सांगितलं.

"मग देणाऱ्यांतनं उठवून मला घेणाऱ्यांत का बसवलं तुमी?"

चहा आटला. आम्ही तसेच परत आलो.

रविवारी पिशवी फिरवायची पाळी तात्यांची होती. मावशींनी पुडकं पुढं केलं. तात्यांनी मान हलवून पिशवी त्यांच्या डोक्यावरून पलीकडे नेली. मावशी एरवी गीतं इतक्या जोरात गातात की बाजा ऐकू येत नाही. त्या दिवशी बाजा पहिल्यांदा नीट ऐकू आला.

* * *

मावशी गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. एक दिवस सकाळीच पाळकसाहेबांच्या दारात हजर. कमरेला पदर खोचलेला, हातात स्वतःचा झाडू.

"पैसं नगं ना? बरं. नऊ दिस तात्याच्या मळ्यात केलं. दहावा दिस देवाचा. आज मी देवाच्या रोजावर हाय."

आणि सुरू! अंगण झाडलं, माळा झाडला, भांडी राखेनं घासली, पडदे उतरवून धुतले. पाळकसाहेब ओट्यावर रविवारच्या संदेशाची तयारी करत होते, त्यांना तिथून उठवलं. ते पायरीवर गेले, तिथून उठवलं. ते पेरूच्या झाडाखाली गेले, तर म्हणे पाला गोळा करायचाय. शेवटी ते स्कूटर घेऊन जुन्नरला निघून गेले.

बाईसाहेबांनी, म्हणजे पाळकसाहेबांच्या मिसेसनी, जेवायला वाढलं तर मावशी म्हणाल्या, रोजावरचा माणूस भाकरी बांधून आणतो.

हे दर दहाव्या दिवशी. महिनाभरानं बाईसाहेब मला हळूच म्हणाल्या, "वहिनी, तात्यांना सांगून तो ठराव मागं घेता येतो का बघा. मला माझं घर सापडेना झालंय."

* * *

तात्या ठराव मागं घेईनात. मग आला हंगामाचा सण.

त्या रविवारी प्रत्येकानं आपल्या रानातलं, परसातलं काहीतरी वेदीपुढं ठेवायचं आणि उपासनेनंतर अंगणात त्याचा लिलाव करायचा, अशी आमच्याकडे रीत आहे. लिलाव चर्चच्या कामासाठी असतो, त्यामुळं कोथिंबिरीची जुडीसुद्धा भलत्याच भावाला जाते. कुणी काय ठेवलं हे लिहीत नाहीत.

तर त्या ढिगात एक लाल भोपळा होता. इतका देखणा की वेदीवरच्या फुलांपेक्षा त्याच्याकडंच लक्ष जात होतं. लिलाव चालू असताना ओझरच्या गणपतीचं दर्शन घेऊन निघालेली पुण्याची एक गाडी थांबली. त्यांना वाटलं शेतमालाचा बाजार आहे. गॉगल घातलेल्या ताईंनी भोपळ्यावर बोली लावली.

तात्यांनी वर बोली केली. ताईंनी आणखी वर. आता भोपळा राहिला बाजूला, जुन्नर विरुद्ध पुणे असं झालं. तात्यांचा आवाज चढला, ताईंनी गॉगल काढला, आमच्या ह्यांना बोली पुकारायला श्वास पुरेना. शेवटी ताईंचे मिस्टर गाडीतून म्हणाले, "अगं, एवढ्यात मिक्सर येईल!" भोपळा तात्यांना सुटला. टाळ्या पडल्या.

तात्या भोपळा खांद्यावर घेऊन मिरवत निघाले आणि मावशींनी आमच्या ह्यांना हाक मारली. "खजिनदार, आजच्या समद्यात मोठं अर्पण माझं. वाचून दाखवा. परसातला हाय माझ्या."

तात्या जागीच थांबले. "मावशी, पैसं म्या मोजलं!"

"मोजलं की. आन् भोपळा घेतला," मावशी म्हणाल्या. "घेतला तुमी. दिला म्या."

गाडीतल्या ताईंनी काच खाली करून विचारलं, आता भोपळा परत लिलावात निघतोय का?

* * *

त्यानंतर मावशींची शेळी व्याली. पहिलटकरीण, एकच करडू, काळं कुळकुळीत, कपाळावर पांढरा ठिपका. मावशी ते काखेत घालून चर्चमध्ये आल्या. म्हणाल्या, ठराव दहाव्या हिश्शाचा आहे, तो मी मानते. पण पहिलं वेत देवाचं असतं आणि त्याचा ठराव कुणी केलेला नाही. असं म्हणून त्यांनी करडू वेदीपुढं सोडलं. प्रार्थनेत ते सारखं ओरडत होतं आणि तात्यांच्या धोतराचा सोगा चघळत होतं.

उपासना झाल्यावर सगळे तात्यांकडे बघायला लागले. तात्या म्हणाले, "पितं करडू हाय. दूध तुटंस्तवर आईजवळ ऱ्हाऊ द्या. मग बघू."

म्हणजे घेतलं की नाही? कुणालाच कळलं नाही. मावशी करडू घेऊन घरी गेल्या आणि गावभर सांगत सुटल्या, हे माझं नाही, देवाचं आहे, माझ्याकडं फक्त राखणीला आहे.

आमच्या भागात बिबट्या नवा नाही. उसातून येतो, उसात जातो. पुढच्या गुरुवारी सकाळी मावशींच्या गोठ्यात करडाचं दावं तेवढं शिल्लक होतं.

वनखात्याचा गार्ड पंचनाम्याला आला. बोरी बुद्रुकचा पोरगेलासा मुलगा, बोलायला चांगला. आम्ही सगळे जमलो होतो, तात्याही आले होते. त्यानं ठसे बघितले, फोटो काढले आणि विचारलं, "जनावराचे मालक कोण?"

"देव," मावशी म्हणाल्या.

गार्ड म्हणाला, "मावशी, नुकसानभरपाई मालकाच्या नावावर निघती. देवाच्या नावावर न्हाई निघायची."

तात्या पुढं झाले. या वेळेला त्यांच्या आवाजात राग अजिबात नव्हता. "लिवा हो, एस्तरबाईंचं लिवा. गरीब बाई हाय. चार पैसं तिला मिळू द्या."

मावशी म्हणाल्या, "लिवू द्या की. पर आदी समद्यांसमोर म्हणा, की एस्तरनं करडू दिलं न्हवतं."

पाळकसाहेब जमिनीकडे बघत होते. गार्ड पेन धरून एकदा मावशींकडे, एकदा तात्यांकडे बघत होता. तो म्हणाला, हे चर्चचं असेल तर चर्चच्या माणसानं तसं सांगून सही करावी लागेल, आणि चर्चकडं ते कुठून आलं तेही सांगावं लागेल. त्याला दुसऱ्या गावाला जायचं होतं. काहीतरी बोलायचं म्हणून तो मावशींना म्हणाला, "लई वाईट झालं बघा, मावशी. बिबट्यानं देवाचं करडू न्यावं म्हणजे..."

"त्याला नगा बोलू," मावशी म्हणाल्या. "त्यानं तरी घेतलं."

तात्यांनी गार्डकडं पेन मागितलं.