दहापैकी पाच

मंगळवारी संध्याकाळी साडेसातला तनुजा गाडे कंपनीच्या कॅन्टीनमध्ये ताट पुढ्यात घेऊन बसली होती, पण घास तोंडात जात नव्हता. त्याच मिनिटाला तिनं लिहिलेली समीक्षा जगापुढे जाणार होती.

तनुजा चाकणजवळच्या कुरुळीची, वय अठ्ठावीस. रसायनशास्त्रात बी.एस्सी. करून चाकणच्या एका प्लेटिंगच्या कारखान्यात लॅबमध्ये लागली होती. नटबोल्टांवर जस्ताचा मुलामा चढवायचे मोठाले हौद असतात, त्यातलं पाणी दर दोन तासांनी तपासायचं, हे तिचं काम. दुसरं काम तिनं हौसेनं अंगावर घेतलेलं. पिंपळे सौदागरच्या एका फ्लॅटमधून सार्थक नावाचा तिचा कॉलेजातला मित्र व्हिडिओ गेमवर मराठी वेबसाइट चालवायचा. तिथं जपानी गेमच्या समीक्षा तनुजा लिहायची. सेकंड शिफ्ट असली की सकाळ मोकळी मिळे. ती सकाळ गेमची.

या वेळचा गेम होता ‘कोहारूची किमया’. जपानी नाव लांबलचक होतं, मराठी पोरांनी त्याचं हे केलं होतं. समुद्राकाठच्या एका गावात कोहारू नावाची मुलगी किमयेचं छोटं दुकान उघडते. रानातून शेवाळ, दगड, दव गोळा करायचं, मोठ्या कढईत ढवळायचं आणि गावकऱ्यांना हवं ते बनवून द्यायचं. कुणाला खोकल्याचं औषध, कुणाला न विझणारा कंदील. मारामारी नावापुरती. जगभरातले समीक्षक गेमवर लट्टू झाले होते. नऊ, साडेनऊ, एकानं तर दहा.

तनुजाही लट्टू झाली होती. पण तिसऱ्या भागात एक अर्क बरणीत भरून सहा तास मुरवायचा असतो, आणि हे तास गेममधले नाहीत, खरे. सहा तासांनी तिनं बरणी उघडली तर पडदा पांढरा झाला आणि अकरा तासांचा खेळ पुसला गेला. सुरुवातीच्या पानावर ‘नवा खेळ’ एवढंच उरलं. तिनं पुन्हा सगळं खेळून पाहिलं, या खेपेला बरणी भरायच्या आधी खेळाची एक प्रत ऑनलाइन ठेवून. पुन्हा तेच झालं. दोन्ही वेळा अर्कात निळा दगड होता. म्हणून तिनं लिहिलं, की निळा दगड घातला की खेळ नष्ट होतो. गेम गोड आहे, पण इतक्या तासांचा जपून ठेवलेला खेळ असा पुसून टाकणाऱ्या गेमला पाचाच्या वर गुण देता येत नाहीत.

सार्थकनं तेव्हाच विचारलं होतं, “जगात एकालाही झालं नाही गं. तुझ्या गेमच्या मशीनचा प्रॉब्लेम नसेल ना?”

“दोनदा झालंय, सार्थक. मी पाहिलंय.”

“बघ बाई. टाकतो.”

साडेसातला समीक्षा लागली. आठ वाजता शिव्या सुरू झाल्या. कुणी म्हणालं, प्रसिद्धीसाठी कमी गुण दिले. कुणी म्हणालं, कढई हलवायची हौस असेल तर घरी हलव. महागडी आवृत्ती घेणाऱ्यांना गेम शनिवारीच मिळाला होता. त्यातला एक, लंडनला शिकणारा सुरज नावाचा मराठी मुलगा, त्यानं आधीच रेकॉर्ड केलेला आपल्या खेळाचा व्हिडिओच टाकला. तनुजानं लिहिलेलंच साहित्य, तोच निळा दगड. सहा तासांनंतर बरणी उघडली, अर्क चमकला, कोहारूनं टाळ्या वाजवल्या. खाली त्यानं लिहिलं होतं, ‘ताई, खोटं बोलायचं तर जरा तपासून बोला.’

तिचे कान तापले. ताट तसंच सरकवून ती लॅबमध्ये परत गेली. त्या संध्याकाळी एका हौदाचा आकडा तिनं दोनदा चुकीचा लिहिला आणि दोनदा खोडला.

बुधवारी सकाळी आठ वाजता ती पलंगावर मांडी घालून बसली. रात्री कामावरून आल्याआल्या ऑनलाइन ठेवलेल्या प्रतीतून तिनं नवी बरणी भरून ठेवली होती, निळा दगड न घालता. मनातून तिला वाटत होतं, ही नीट उघडावी, म्हणजे दगडाचं म्हणणं तरी खरं ठरेल. तिनं बटण दाबलं. पडदा पांढरा झाला.

म्हणजे दगडाचा काही संबंधच नव्हता. आपण सगळ्या जगापुढे चूक लिहिलं होतं.

फोन वाजला. सार्थक होता.

“आपल्याला गेम पुरवणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरचा माणूस तीनदा बोलला माझ्याशी. म्हणतो, सिद्ध करा नाहीतर समीक्षा मागे घ्या. नाहीतर इथून पुढे एकही गेम आधी मिळणार नाही. शुक्रवारी गेम सगळ्यांना मिळतोय. उद्या दुपारपर्यंत काहीतरी दे मला.”

“दगडाचं चुकलं माझं,” ती म्हणाली. “पण खेळ आत्ता, दोन मिनिटांपूर्वी पुन्हा पुसला गेलाय.”

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग सार्थक म्हणाला, “चुकलं हे आत्ता कुणाला सांगू नकोस.”

“सांगावं लागेलच ना.”

“आधी कारण सापडू दे. नुसतं चुकलं म्हणालीस तर संपलोच आपण.”

दहाच्या सुमारास एक मेसेज आला. देहूरोडचा बुद्धभूषण म्हणून एक वाचक. ‘मॅडम, माझंही गेलं. काल संध्याकाळी. चौदा तास. निळा दगड नव्हता घातला. लोक तुम्हाला बोलतायत म्हणून कळवतोय.’

तनुजानं तो मेसेज चार वेळा वाचला. म्हणजे मशीन बिघडलेलं नाही. मग लंडनला का होत नाही? लॅबमध्ये एकदा सगळा माल काळपट निघाला होता. रसायनं तीच, मापं तीच, आणि आठवडाभर सगळे रसायनांनाच दोष देत राहिले. शेवटी निघालं, की पाण्याचा टँकर बदलला होता. पाण्याकडे कुणी साहित्य म्हणून पाहिलंच नव्हतं. इथं ते पाणी कोणतं?

दुपारी ती जेवायला बसली तेव्हा तिचे वडील रोहिदास आले. ते एका जपानी कंपनीत साहेबांची गाडी चालवत. जमीन कंपन्यांत गेल्यापासून सोळा वर्षं तेच काम.

“तोंड का पाडलंय?” त्यांनी विचारलं.

“काही नाही, बाबा. तुम्ही आज लवकर?”

“सायबांची मिटिंग लांबली. त्यांच्या मुलखाशी बोलायचं म्हंजी आमचा घोळच असतो. त्यांचं बारा वाजलं की आपलं साडेआठ. इंग्लंड झालं, जर्मनी झालं, समद्यांचा हिशेब तासावर बसतो. आपलाच तेवढा अर्धा तास मधी लटकतो. परवा मी अर्धा तास उशिरा गेलो, सायब रस्त्यात हुभा.”

तनुजाचा हात ताटातच थांबला.

“बाबा, परत सांगा.”

“सायब रस्त्यात हुभा व्हता.”

“ते नाही, घड्याळाचं!”

बरणी मुरायला सहा तास, आणि तास खरे. म्हणजे गेम मशीनच्या घड्याळावर चालतो. लंडनचं घड्याळ जपानच्या घड्याळाशी पूर्ण तासांनी जुळतं. भारताचं नाही. सहा तासांचा हिशेब अर्ध्या तासापाशी अडकत असेल तर?

नुसता अंदाज होता. एकदा अंदाजावर लिहून तोंडघशी पडली होती ती. कंपनीची बस पावणेतीनला. तिनं हात धुतले, बुद्धभूषणला फोन लावला. तो देहूरोडला मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवत होता.

“तुमच्याकडे बरणीच्या आधीची प्रत आहे का?”

“आहे ना. आदल्या दिवशीची, ऑनलाइन. पण ती रोज रात्री आपोआप बदलते हो, आज तिच्यात भरलेली बरणीच जाईल.”

“तुम्ही घड्याळ भारताचंच ठेवा. मी माझं टोकियोचं करते. दोघांनी एकाच वेळी, एकच साहित्य भरायचं. उद्या सकाळी आठला उघडू. माझा अंदाज बरोबर असेल तर...” ती अडखळली. “तर तुमचा खेळ जाईल.”

“जाऊ द्या, मॅडम. एकदा गेलाच आहे.”

शेवाळ, दव, मीठ. दोघांनी फोनवर एकमेकांना वाचून दाखवत एकेक जिन्नस टाकला. दोन पंचविसाला बरण्या बंद झाल्या. बसपर्यंत तनुजा पळतच गेली.

गुरुवारी सकाळी आठला व्हिडिओ कॉल सुरू झाला. एका कोपऱ्यात बुद्धभूषणच्या दुकानाचं अर्धं उघडलेलं शटर दिसत होतं. दोघांनीही पडद्यासमोर दुसरा फोन उभा करून रेकॉर्डिंग लावलं होतं. तनुजानं हात दोनदा ओढणीला पुसले.

“आधी तुम्ही,” ती म्हणाली.

बुद्धभूषणनं बटण दाबलं. पडदा पांढरा झाला.

“गेलं,” तो शांतपणे म्हणाला. “आता तुम्ही.”

तिनं दाबलं. एक क्षण काहीच घडलं नाही, आणि त्या क्षणात तिला वाटलं, संपलं. मग बरणीचं झाकण वर गेलं, अर्क चमकला आणि कोहारू टाळ्या वाजवत उडी मारून नाचली.

“उघडली!” बुद्धभूषण ओरडला. “माझ्याकडे पांढरं आणि तुमच्याकडे नाचतेय राव!”

तिनं रेकॉर्डिंग बंद केलं, घड्याळ पुन्हा भारताचं केलं, ऑनलाइन प्रतीतून तीच बरणी पुन्हा भरली. सव्वादोनपर्यंत थांबून स्वतःच्या मशीनवर उघडली. पांढरा पडदा आला तेव्हाच तिनं सार्थकला फोन केला.

सार्थक आनंदानं वेडा झाला. त्याला मथळा हवा होता, ‘आम्हीच खरे ठरलो’.

“पहिलं वाक्य माझं,” तनुजा म्हणाली. “निळ्या दगडाबद्दल मी लिहिलेलं चूक होतं. त्यानंतर व्हिडिओ.”

“अगं, जिंकलेल्या सामन्यात माफी कशाला?”

“तो लंडनचा मुलगा खोटं बोलत नव्हता. त्याचा अर्क खरंच उघडला होता.”

बसची वेळ झाली होती. सार्थक कुरकुरला, पण तसंच छापलं. सोबत सूचनाही गेली, की गेम घ्याल तर दुरुस्ती येईपर्यंत घड्याळ टोकियोचं ठेवा.

शुक्रवारी सकाळी जपानहून, थेट गेम बनवणाऱ्यांकडून, चार ओळींचं इंग्रजी पत्र आलं. त्यांना तोच पांढरा पडदा दिसला होता. डिस्ट्रिब्यूटरच्या माणसानं पुन्हा फोन केला नाही. नऊ दिवसांनी दुरुस्ती आली. दुरुस्तीसोबतच्या यादीत अकरावी नोंद होती, ‘काही प्रदेशांत खेळ साठवताना येणारी अडचण दूर केली.’ नाव कुणाचंच नव्हतं. दुरुस्तीनंतर बरणी तीनदा उघडून बघितल्यावर तनुजानं पाचाचे आठ केले. नऊ का नाहीत, यावरून लोक पुन्हा भांडले.

सुरजचा मेसेज मात्र त्या शुक्रवारीच आला होता. ती बसमध्ये होती, खिडकीबाहेर कंटेनरची रांग खोळंबली होती. त्यानं लिहिलं होतं, ‘ताई, विश्वास बसेना म्हणून मशीनचं घड्याळ भारताचं केलं आणि नवी बरणी भरली. चाळीस तास गेले माझे. प्रत ठेवायची राहून गेली. सॉरी.’

तनुजा त्या आठवड्यात पहिल्यांदा हसली. शेजारची बाई बघायला लागली तशी ती खिडकीकडे वळली आणि त्याला लिहू लागली, पहिला भाग तीन तासांत कसा उरकायचा ते.