थोरलीची खुरपणी

थोरलीला कुणी कधी निवांत बसलेलं पाहिलं नव्हतं. जेवायलासुद्धा ती अशी टेकायची, की आता कुणीतरी हाक मारणारच आहे. धाकट्या जावेला मात्र तिनं नाव ठेवलं होतं, 'उन्हातलं मांजर'. कारण हिवाळ्यात कामं आटोपली की धाकटी गोठ्याच्या भिंतीला पाठ लावून खुशाल ऊन खात बसायची. "कामाच्या माणसाला थंडी वाजत नाही," असं थोरली म्हणायची. धाकटीला नेमकं ऐकू जाईल एवढ्या हळू.

त्या दिवशी धाकटी दाढ दाखवायला गावात निघाली. जाताना म्हणाली, "जाऊबाई, रोपावर तेवढं लक्ष असू द्या. शेळी येते."

रोप म्हणजे कांद्याचं. बी टाकण्यापासून सगळं धाकटीनं एकटीनं केलेलं, तेही पहिल्यांदाच. "तुझ्याच्यानं व्हायचं नाही," असं थोरलीनं आधीच सांगून टाकलं होतं आणि रोप तर तिचं नाक कापायलाच निघाल्यासारखं वीतभर वाढलं होतं. आठवड्यात लावणी करायची होती.

थोरलीनं वाफ्याशेजारी खाट ओढली आणि पाठ टेकली. फक्त शेळीवर नजर ठेवायला, बरं का. पण ऊन आधी गुडघ्यात शिरलं, मग कमरेत, आणि वर्षानुवर्षं कुरकुरणारी कंबर चक्क गप्प झाली. पलीकडे कोंबड्या मातीत अंग घोळवत होत्या. हौदात नळ ठिबकत होता. तिनं चष्मा काढून उशाशी ठेवला, शाल छातीपर्यंत ओढली. एवढं सुख इतकी वर्षं इथंच पडून होतं आणि आपण त्याला नावं ठेवत होतो, असं मनात येतंय न येतंय तोवर ती घोरायला लागली.

फाटक धाडकन वाजलं. थोरली ताडकन उठली. धाकटी आली! आणि आपण भरदुपारी आडव्या! चोरी करताना सापडली असती तरी तिला इतकी लाज वाटली नसती. हाताला खुरपं लागलं, तशी ती वाफ्यात उकिडवी बसली आणि हिरवं दिसेल ते सपासप काढायला लागली.

"जाऊबाई..."

"किती तण माजलंय बघ! तुझं लक्षच नसतं. तू गेल्यापासून खुरपतेय, पाठ टेकली नाही."

धाकटीनं खाटेवरचा चष्मा उचलला, शालीच्या टोकाला पुसला आणि थोरलीच्या हातात दिला.

थोरलीनं चष्मा लावला. तण होतं तिथंच डुलत होतं. बाजूला ढीग पडला होता तो कांद्याच्या रोपाचा, निम्मं मुळासकट उपटलेलं, निम्मं मधेच कापलेलं. शेळीनंही एवढा पराक्रम केला नसता.

"मी मघाशीच आलेय," धाकटी म्हणाली. तिचा गाल सुजला होता. "तुम्हाला झोप लागली होती. म्हटलं, कधी नव्हे ते पडल्यात, फाटक वाजायला नको. बाहेरच थांबले. शेळीलाही धरून ठेवलं होतं. शेवटी तिनंच फाटकाला धडक मारली."

थोरलीला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

"झोपले होते गं," ती कशीबशी म्हणाली. "तू बघशील म्हणून लाज वाटली, अन् खुरपं घेतलं. माझं चुकलं. थांब, मी लावते परत."

"नको." धाकटीनं तिच्या हातातलं खुरपं काढून घेतलं. तिचे डोळे भरले होते. "मुळं आहेत तेवढं मी लावते. तुम्ही बसा."

"अगं, पण..."

"बसा म्हणते ना!"

थोरली खाटेवर जाऊन बसली. ऊन तेच होतं, पण आता ते तिला अंगावर घ्यायला नको वाटत होतं. हात कुठं ठेवावेत तेही कळेना. समोर सगळा रस्ता. तेवढ्यात दूधवाला सायकलवरून जाता जाता थबकला.

"का हो थोरल्या वहिनी, बरं नाही का?"

कंबर दुखतेय, हे उत्तर जिभेवर तयारच होतं. वाफ्यात धाकटीचे हात थांबले.

"बरी आहे," थोरली खाली मान घालून म्हणाली. "ऊन खात बसलेय."