गार भिंत आणि दिवेलागण

आईला संध्याकाळ झाल्याचं भिंतीवरून कळत असे. काचबिंदूने तिची दृष्टी हळूहळू नेली आणि शेवटी उजेड-अंधाराचा फरकही धूसर झाला, तेव्हापासूनची ही तिची रीत. नल्लकुंट्यातलं आमचं घर बैठं होतं, वडिलांनी नोकरीत असताना बांधलेलं, भाजक्या विटांचं. आईची खोली पश्चिमेला. दुपारभर ऊन त्या भिंतीला बाहेरून चिकटून राही आणि दिवस कलता कलता आतल्या बाजूला येऊन पोचे. आई पलंगावर बसून तळहात भिंतीला टेकवी. आधी चुन्याचा गारवा, मग कोमटपणा, मग टोपल्यात काढून ठेवलेली भाकरी थोड्या वेळाने हाताला लागते तशी ऊब. ती ऊब लागली की आई उठे, चूळ भरे, पदर सारखा करी आणि कोपऱ्यातल्या देव्हाऱ्यापाशी जाऊन दिवा लावी.

भाजी निवडणं, दूध तापवणं, पोळ्यांना तूप लावणं, एकेक काम तिच्या हातून गेलं होतं. दिवा तेवढा उरला होता, आणि तो तिला कुणालाही न विचारता लावायचा असे. ढगाळ दिवसांत ती विचारी. पण तेव्हा डोळस माणसंही एकमेकांना वेळ विचारतात, त्यामुळे त्यात तिला कमीपणा वाटत नसे.

तीच भिंत उन्हाळ्यात तिच्या जिवावर उठायची. सूर्य बुडाल्यावरही ती तापलेली राही, पंखा नुसती गरम हवा ढवळे, आणि आईच्या पाठीवर घामोळ्याची खरखरीत जाळी उठे. एका मे महिन्यात ती न्हाणीघराच्या दारात कोसळली. उष्म्याने, असं डॉक्टर म्हणाले. माझी मुलगी तेव्हा आजीच्या पायांवर ओला पंचा ठेवत बसली होती. तिने भिंतीकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर मला आठवते. घरात घुसलेल्या परक्या माणसाकडे पाहावं तशी.

मुलगी इमारतींच्या कामातली. तिचं ऑफिस राज्याच्या ऊर्जा संहितेवर काम करतं. नव्या बांधकामाची भिंत किती उष्णता आत येऊ देईल, काच किती असावी, छज्जा किती पुढे यावा, छपरावर कसला थर हवा, याचे ते नियम. मोठ्या इमारतींना ते आधीच लागू होते. आमच्यासारख्या लहान इमारतींनाही लागावेत म्हणून तिच्या ऑफिसात मसुदे चालले होते. बैठं घर बिल्डरला देऊन तिथे फ्लॅट बांधायचं ठरलं, तेव्हा तिने हट्टाने ते सगळे नियम आमच्या इमारतीला लावले. बिल्डर म्हणाला, एवढ्याशा बिल्डिंगला कौन पूछता मॅडम? ती म्हणाली, मैं पूछ रही ना.

मी कविता शिकवते. वृत्ताचे नियम मला कळतात, कारण ते मोडले की कानाला ठेच लागते. भिंतीचे नियम मुलीने मला अनेकदा समजावले आणि मी अनेकदा मान डोलावली. पोकळ हलके ठोकळे, त्यांवर पांढऱ्या फोमचा थर, त्यावर गिलावा. खिडक्यांना दुहेरी काच. एवढं समजलं की उन्हाला दारातच थांबवायचं आहे. यात काय वाईट असेल?

आम्ही नव्या घरात आलो ते उन्हाळ्याच्या तोंडाशी. आईची खोली पुन्हा पश्चिमेलाच ठेवली, तिची सवय मोडू नये म्हणून. पहिल्या दुपारी तिने भिंतीला हात लावला आणि हसली. "माठावाणी गार हाय गं," म्हणाली. घामोळं गेलं. दुपारी तिला झोप लागू लागली, तोंड उघडं टाकून, लहान मुलासारखी. मुलगी दारात उभी राहून ते बघत असे.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी मी कोठी भागातलं माझं कॉलेज आटोपून परतले तेव्हा बाहेर पूर्ण अंधार झाला होता. खोलीत आई पलंगावर ताठ बसलेली, पदर नीट घेतलेला, मांडीवर काडेपेटी. देव्हारा काळोखात.

"आलीस का? आज लवकर आलीस," ती म्हणाली. तिचा डावा हात भिंतीवर होता. "अजून व्हायचीय ना संध्याकाळ?"

तिची भिंत सांगत होती की दिवस कललेला नाही. तेलाचा, वातीचा, दिवसभर बंद राहिलेल्या खोलीचा वास होता. मशिदीची बांग जुन्या घरात ऐकू यायची, ती दुहेरी काचेबाहेरच राहिली असणार.

"होतेय आत्ताच," मी म्हटलं.

"तरी म्हटलं," म्हणत ती उठली आणि दिवा लावला. मी तिथेच उभी राहिले. मी तिला वाचवलं होतं की फसवलं, हे मला अजूनही सांगता येणार नाही.

मुलीला सांगितलं तर तिचा चेहरा उतरला, मग ती कामाला लागली. दुसऱ्या दिवशी बोलणारं घड्याळ आलं. बटण दाबलं की एक बाई हिंदीत वेळ सांगे.

"आजी, हे दाब. सात वाजले म्हटलं की दिवा लाव. सिंपल."

"थंडीत साताला अंधार पडून जेवणं होत्यात," आई म्हणाली. "आन् भर उन्हाळ्यात साताला उजेड असतो. तुझ्या बाईला ते ठाऊक हाय का?"

"मग मी रोज फोन करते ना ऑफिसमधून."

"म्हंजे तू लावायलीस दिवा. मी नुसती काडी ओढायची." तिने नातीच्या दंडावर हात ठेवला. "भिंत चांगली केलीस बाई. झोप येती मला. ते खरंच चांगलं केलंस."

मुलगी घड्याळ हातात फिरवत राहिली. रागावलेल्या माणसाशी भांडता येतं. आई रागावलेली नव्हती. मलाही कळेना की मी कुणाची बाजू घ्यावी. भिंत गार हवी होती. संध्याकाळही हवी होती.

पुढे काही दिवस आई चाचपडली. कधी भर दुपारी दिवा लागलेला असे, कधी मी येईपर्यंत लागलेला नसे. आणि मग, कसं ते न कळता, तो पुन्हा वेळेवर लागू लागला. मी विचारलं तर ती नुसती हसे. सवय झाली असेल, असं आम्ही समजलो.

मग मुलीच्या ऑफिसातली मंडळी इमारत पाहायला यायची ठरली, लहान इमारतीला ही संहिता झेपते याचा नमुना म्हणून. आधी तिने स्वतःच एक कॅमेरा आणला. त्यात वस्तूंऐवजी त्यांची ऊब दिसते. दिवस कलताना ती खोल्याखोल्यांतून फिरली. पडद्यावर आमचं घर निळं, जांभळं, तळ्याच्या पाण्यासारखं शांत दिसत होतं. आईच्या खोलीत मात्र, पलंगाच्या उशाशी, त्या निळ्यात एक नारिंगी पट्टी उभी होती. खालपासून वरपर्यंत, जळत्या वातीसारखी सरळ.

"इथे काँक्रीटचा खांब आहे," मुलगी म्हणाली. "बाहेरून फोम लावायचा राहून गेला. खांब उष्णता सरळ आत आणतो." तिचा आवाज बारीक झाला. "आई, हे रिपोर्टमध्ये दिसणार."

दुसऱ्या दिवशी तिने मेस्त्रीला बोलावलं. बाहेरची बांबूंची परांची कधीच उतरली होती, म्हणून पट्टी आतून झाकायची. मेस्त्री फोमचे तुकडे घेऊन आला, पलंग सरकवला, आणि त्याला गिलाव्यावर एक डाग दिसला. माणसाच्या खांद्याच्या उंचीच्या खाली, तेलकट, काळसर. जिथे रोज हात टेकतो तिथे पडतो तसा.

"ये क्या है अम्मा? तेल लग्या है इधर," मेस्त्री म्हणाला.

आई खुर्चीत बसली होती. तिने तोंड आवाजाकडे वळवलं. "माझा हात हाय तो," ती म्हणाली.

मुलगी डागाकडे बघत राहिली. मग तिने स्वतःचा तळहात त्यावर ठेवला. तेव्हा सकाळ होती, पट्टी इतर भिंतीसारखीच गार असणार. तरी तिने हात पुष्कळ वेळ काढला नाही.

"सांगायचंस ना आजी."

"तू भिंत गार केलीस, पोरी. त्यात खोट निघाली असं कशाला सांगू? पाव्हणे यायलेत तुझे." आईने हात हलवला. "बुजव तू. कुठंतरी दुसरीकडं सापडंल ऊब."

दुसरीकडे सापडणार नव्हती. कॅमेऱ्याने सगळं घर तपासलं होतं आणि ते मुलीइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. मेस्त्री फोमचा तुकडा हातात धरून उभा होता. मुलगी माझ्याकडे बघत होती आणि मी खिडकीकडे. तिचे नियम तिने आजीसाठीच तर लावले होते. ते आता आजीसाठीच मोडायचे का, आणि मोडले तर आणखी कुणाकुणासाठी मोडायचे, हे ती मला विचारते आहे असं वाटलं.

शेवटी तिने आजीला उठवलं, उशाशी आणलं आणि तिचा हात त्या डागावर ठेवला. मेस्त्रीच्या कानामागची पेन्सिल मागून घेतली आणि पंजाभोवती चौकोन काढू लागली.

"बांगड्यांसकट मोज गं," आई म्हणाली. "नाहीतर खणखण वाजत्याल."

"इतना छोड्या तो गरम होंगा मॅडम," मेस्त्रीने बजावलं.

"हौ," मुलगी म्हणाली. "होने दो."

बाकीची पट्टी झाकली गेली. भिंतीत आता ताटाएवढा एक खळगा आहे, चौकोनी, तळाशी उघडा गिलावा. रिपोर्टमध्ये मुलीने त्याच्याबद्दल काय लिहिलं ते मी विचारलं नाही. ती स्वतः बराच वेळ लिहून खोडत होती, एवढं पाहिलं.

त्यानंतर एका सुटीच्या दिवशी मी आईच्या खोलीत वाचत बसले होते. छज्ज्यामुळे आणि त्या काचेमुळे खोलीतला उजेड दिवसभर एकाच रंगाचा राहतो, राखाडीत थोडं दूध मिसळावं तसा. आईने खळग्यात हात घातला. काढला. पुन्हा घातला, या वेळी बोटं पसरून, आणि तशीच बसून राहिली. मी पुस्तक मिटून खिडकीकडे पाहिलं. मला दुपारच वाटत होती. आकाश बदललं होतं की नव्हतं, मला ठरवता येईना.

ती उठली. चूळ भरून आली, पदर सारखा केला, काडी ओढली. वात आधी निळी झाली, मग तिने पिवळा रंग धरला. तेलाचा वास खोलीभर पसरला.

"झाली ना?" माझ्याकडे तोंड करून तिने विचारलं.

"झाली," मी म्हटलं. खरं काय होतं, ते मला माहीत नव्हतं.