तुर्कस्तानचा दुसरा आलेख

जळगावच्या एका महाविद्यालयात मी सात वर्षं तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवलं. म्हणजे जेवढे तास घेतले तेवढ्यांचाच पगार, आणि पुढच्या वर्षी तास मिळणार की नाही हे विभागप्रमुखांच्या मर्जीवर. आमचे सर गोड बोलायचे, मला ताई म्हणायचे. फैजपूरकडच्या केळीच्या भावांवर मी दोन उन्हाळे हिंडून एक निबंध लिहिला होता. तो त्यांनी 'नजरेखालून घालतो' म्हणून घेतला आणि स्वतःच्या नावावर छापला. आभारात माझं नाव होतं, तेही चुकीचं छापलेलं. मी म्हणाले, छान झालाय सर. चोरीपेक्षा माझं हे बोलणंच मला जास्त सलत राहिलं.

त्यानंतर मी तुर्कस्तानच्या शेअर बाजारावर काम करत होते. तिथला निर्देशांक वर्ष संपताना बराच वर गेलेला दिसे, पण बाजारातल्या वस्तूंचे भाव त्याहूनही जास्त वाढलेले असत. म्हणजे शेअर घेतलेल्या माणसाकडे लिरा, तिथला पैसा, जास्त, आणि त्यात येणारं सामान कमी. साक्रीला गेले तेव्हा आईला हे समजावून सांगत होते. ती आठवडे बाजारात बांगड्या विकते. ऐकून म्हणाली, "पैसा वाढना, पन पिशवी अर्धीच भरनी, आसंच ना?" पैसा वाढला पण पिशवी अर्धीच भरली, हेच सांगायला मला आठ पानं लागली होती.

मी दोन आलेख काढले होते. पहिल्यात नुसता निर्देशांक होता, वर चढत जाणारा. दुसऱ्यात महागाई वजा केली होती, आणि तीच रेष खाली उतरत होती.

धुळ्याच्या परिसंवादाचं निमंत्रण आलं तेव्हा सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. तुमचं ते तुर्कस्तानचं काहीतरी होतं ना, द्या पाहू, म्हणाले. मी घरी येऊन दुसरा आलेख आणि त्याची पानं काढून ठेवली. उरलेलं नीट टाचून दुसऱ्या दिवशी त्यांच्या टेबलावर ठेवलं.

"पूर्ण आहे ना?" त्यांनी विचारलं.

"हो सर."

ते वाचणार नाहीत याची मला खात्री होती. वाचलं असतं तर त्यांच्यासारख्या माणसाला पाचव्या मिनिटाला कळलं असतं. पुढचे पंधरा दिवस मी भीतीत काढले, पण खोटं कशाला बोलू, त्या भीतीला गोडी होती.

परिसंवादाला ते गाडीने गेले, मी एसटीने. मला पाहून त्यांना बरंच वाटलं. त्यांच्या निबंधाच्या प्रती वाटायचं काम त्यांनी माझ्याकडे दिलं. पहिल्या पानावर त्यांचं एकट्याचं नाव होतं. मी प्रत्येकाच्या हातात प्रत दिली.

ते छान बोलले. पडद्यावरच्या चढत्या रेषेकडे बोट दाखवून म्हणाले की महागाईला घाबरायचं कारण नाही, तुर्कस्तानातला गुंतवणूकदार बघा कसा श्रीमंत झाला. टाळ्या झाल्या. प्रश्नांच्या वेळी मी उभी राहिले आणि विचारलं, यातून महागाई वजा केली आहे का? ते हसले आणि तो तपशील झाला, म्हणाले. मी पर्समधून दुसरा आलेख काढून अध्यक्षांकडे नेऊन दिला. अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ होते. त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ पाहिले. मग माइकवरच सरांना विचारलं की हा हिशेब आपण केला नव्हता का.

सरांचा चेहरा उतरला. म्हणाले, "हे काम मुळात या बाईंनी केलंय. चूक त्यांची आहे."

"पहिल्या पानावर माझं नाव नाही, सर," मी म्हणाले.

सभागृहात कोणी हसलं नाही. हसले असते तर त्यांना सोपं गेलं असतं.

निबंध परिसंवादाच्या पुस्तकातून वगळला गेला. सर त्या वर्षी प्राचार्यपदाची वाट पाहत होते, ते पद दुसऱ्याला मिळालं. मला जूनमध्ये एकही तास मिळाला नाही. ते मी धरूनच चालले होते. आता धुळ्यात एका खासगी क्लासमध्ये शिकवते. लग्नाकार्यात सर दिसले की ते तोंड फिरवतात, आणि मी मुद्दाम गर्दीतून वाट काढत जाऊन नमस्कार करते. चार माणसांत त्यांना हात जोडावे लागतात.

माफ करून टाक, असं पुष्कळांनी सांगितलं. परवा माझ्या जागी आलेली मुलगी भेटली. सर आता तिच्या कामावर तिचं नाव घालतात, आधी तिचं आणि मग स्वतःचं, असं ती कौतुकाने सांगत होती. मी चहा घेत ऐकत होते. मला आनंद व्हायला हवा होता. पण मला त्यांना शिक्षा झालेली हवी होती, ते सुधारलेले नको होते.