नूतनवहिनीच्या तोंडावरचा रुमाल

पेणजवळच्या आमच्या हमरापुरात गणपतीचे डोळे आखावेत ते आमच्या नूतनवहिनीनेच. इतरांनी आखलेला गणपती समोर बघतो, वहिनीने आखलेला आपल्याकडे बघतो. दीर म्हणून कौतुक करतोय असं समजू नका, मुंबईचे व्यापारीही हेच म्हणतात.

डोळे आखायचे म्हणजे मूर्तीच्या अगदी सोंडेशी तोंड न्यावं लागतं. तेव्हा वहिनी तोंडाला रुमाल बांधायची. ती काम करायची त्या मूर्तींच्या कारखान्याचे मालक विठूशेठ ते पाहून भारावून गेले. "देवाला आपला श्वासबी लागू नये, याला म्हनतात भाव!" असं येईल त्या गिऱ्हाइकाला सांगू लागले. मग शेजारी बसणाऱ्या प्रणिताने रुमाल बांधला, नम्रताने बांधला, आणि बघता बघता सगळ्याच बायकांनी बांधला. नव्याने कामाला लागलेल्यांना तर तो पिढीजात रिवाज वाटायचा.

खरं काय ते आम्हा घरच्यांनाच ठाऊक. वहिनीला लहानपणापासून मशेरीची, भाजलेल्या तंबाखूने दात घासायची सवय. दातांवर कीट चढलेलं, हिरड्यांतून रक्त यायचं, तोंडाला वास यायचा. ती जेवायला सगळ्यांच्या मागून बसायची आणि बोलताना भिंतीकडे बघायची. मला फार वाईट वाटायचं, पण दिराने वहिनीला याबद्दल काय बोलावं?

शेवटी ती एकटीच पेणला दातांच्या दवाखान्यात गेली. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दात धड आहेत, पण हिरड्या त्यांना सोडायला लागल्यात. कीट काढून घ्या, मशेरी बंद करा आणि दर सहा महिन्यांनी सफाईला या.

हे ऐकून आमच्या प्रवीणदादाचा पारा चढला. "दुखत नाय, खुपत नाय, आनि नुसते दात घासून घ्यायला पैशे द्यायचे?"

"दुखत नाय कसं?" वहिनी म्हणाली. "चारचौघांत तोंड उघडता येत नाय, ते काय कमी दुखतं? आनि पैशे माझ्या हातचे हायत."



सफाई झाली आणि भलतंच झालं. गार पाण्याने दात शिवशिवायला लागले, कीट गेल्यामुळे मधल्या फटी दिसायला लागल्या. "बघ, पैशे देऊन दात झिजवून आलीस," दादाने ऐकवलं. वहिनी मोरीत जाऊन रडली. तरी मशेरीला तिने पुन्हा हात लावला नाही. हळूहळू रक्त थांबलं. एक दिवस ती आमच्याबरोबर जेवायला बसली आणि माझ्या एका फुसक्या विनोदावर तोंड उघडून हसली. दादा तिच्याकडे बघतच राहिला.

दुसऱ्या दिवशी ती कारखान्यात रुमाल न बांधताच कामाला बसली. मी तिथे टेम्पोत मूर्ती भरत होतो. विठूशेठ थबकले.

"नूतन, देवासमोर उघड्या तोंडानं?"

सगळ्यांचे ब्रश थांबले. 'विसरले' म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण वहिनी म्हणाली, "शेठ, भाव कसला नि काय! तोंडाला वास यायचा माझ्या. देवाला नको, मानसांना नको, म्हनून बांधत होते. आता दात साफ करून घेतलेत."

मला वाटलं, आता बायका फिदीफिदी हसणार. कोणीच हसलं नाही.

थोड्या वेळाने प्रणिता उठून वहिनीच्या कानाशी आली. "मलाबी नेशील गो तिथं?"

मागून नम्रताही उठली. दोघींच्या तोंडावरचे रुमाल अजून तसेच होते.